मशीन झोपतं, वॉचमन जागा असतो

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलतानाचे "अं... म्हणजे" तेवढे काढून टाकलेत, बाकी गप्पा त्याच.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझा कोड ज्या सर्व्हरवर चालतो, तो मी आजवर डोळ्यांनी पाहिलेला नाही. तो कुठल्या रॅकमध्ये आहे, त्याचा पंखा किती आवाज करतो, मला काहीच माहीत नाही. पण रात्री दोनला तो अडकला, तर घरी बसून मी त्याला बंद करू शकतो आणि पुन्हा चालू करू शकतो.

आता यातली गंमत बघा. सर्व्हर बंद आहे. प्रोसेसर बंद, मेमरी बंद, ऑपरेटिंग सिस्टिमचा पत्ता नाही. मग मी दिलेली "चालू हो" ही आज्ञा ऐकतं कोण?

ऐकतो तो त्या मशीनच्या आत बसलेला दुसरा, छोटा कॉम्प्युटर. त्याला नावं बरीच आहेत: सिस्टिम कंट्रोलर, सर्व्हिस प्रोसेसर, बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, म्हणजेच बीएमसी. (मुंबईकरांनो, तुमची महापालिका वेगळी!) मी त्याला वॉचमन म्हणतो. सोसायटीतले सगळे फ्लॅट अंधारात असतात, तेव्हा खालच्या केबिनमध्ये एक दिवा जळत असतो ना, तो हा. मेन गेटची किल्ली त्याच्याकडे. पाण्याची मोटर तो लावतो. आलं कोण, गेलं कोण, वहीत तो लिहितो.

आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये वॉचमनबद्दल जो प्रश्न निघतो, तोच इथेही निघतो. हा माणूस ऐकतो कुणाचं? आजच्या भागात या प्रश्नाचा साधारण पन्नास वर्षांचा इतिहास बघू. त्यात जास्त वेळ एका कंपनीच्या जुन्या वर्कस्टेशनपाशी थांबू. ती कंपनी आज नाही, पण तिची मशीनं आजही लोक चालू करतात. ती कशी, तेही सांगतो.

वॉचमन नव्हता तेव्हा

१९६०च्या दशकात वॉचमन लागतच नव्हता, कारण मालक स्वतः दारात उभा असायचा. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डीईसी, ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधली कंपनी. त्यांचा पीडीपी-८ हा १९६५चा कॉम्प्युटर. त्याच्या तोंडावर स्विचांची रांग आणि दिव्यांची रांग. मेमरीत आधीचं काही नसेल, तर मशीन कोऱ्या पाटीसारखं. मग माणसाने स्विच वर-खाली करून एकेक सूचना मेमरीत भरायची. साधारण दीड डझन सूचना भरल्या की मशीनला कागदी टेप वाचण्याइतकी अक्कल यायची. पुढचं ते टेपवरून वाचून घ्यायचं.

मशीन अडकलं तर? दिवे बघायचे. कुठल्या पत्त्यावर गाडी थांबलीय, ते दिव्यांवरून वाचायचं. आज आपण ज्याला डीबगिंग म्हणतो ते तेव्हा अक्षरशः डोळ्यांनी चालायचं. मशीन आणि माणूस यांच्यामध्ये तिसरं कुणी नव्हतं.

पण मशीन मोठं होत गेलं तसं हे परवडेना. हजारो सूचना हाताने कोण भरणार? आणि मशीनच बिघडलं असेल, तर ते स्वतःचा बिघाड स्वतः कसा सांगणार? बेशुद्ध पेशंटला "काय होतंय?" विचारण्यासारखंच ते.

१९७७: पाच जागांची किल्ली

ऑक्टोबर १९७७ मध्ये डीईसीने व्हॅक्स-११/७८० हे मशीन आणलं. कॉम्प्युटरच्या इतिहासात ते दुसऱ्याच कारणांसाठी गाजलं, ते सोडून देऊ. आपल्याला बघायचंय त्याच्या कपाटात बसलेलं एक छोटं मशीन, एलएसआय-११. हा डीईसीच्याच आधीच्या पीडीपी-११ घराण्यातला छोटा भाऊ, स्वतःचा प्रोसेसर असलेला एक पूर्ण कॉम्प्युटर. त्याच्या दिमतीला आठ इंची फ्लॉपी ड्राइव्ह.

वीज आली की आधी हा छोटा भाऊ जागा व्हायचा. आपल्या फ्लॉपीवरून बूटच्या सूचना वाचायचा, मायक्रोकोडमधल्या दुरुस्त्या मोठ्याच्या पोटात भरायचा, आणि मग मोठ्याला उठवायचा. मोठा आजारी पडला तर तपासणीचे प्रोग्रॅमही हाच चालवायचा. स्विच आणि दिव्यांची जागा आता टर्मिनलवर टाइप करायच्या आज्ञांनी घेतली.

ही कल्पना एकट्या डीईसीची नव्हती. १९७६ मध्ये पहिला क्रे-१ सुपरकॉम्प्युटर बसवला गेला. तो इतका वेगवान, पण त्याला उठवायला डेटा जनरल कंपनीचा एक मिनीकॉम्प्युटर शेजारी ठेवावा लागायचा. ऑपरेटिंग सिस्टिम आत भरणं आणि मोठ्यावर नजर ठेवणं ही त्याची कामं. राजाला झोपेतून उठवायला नोकर लागतो, तसंच.

व्हॅक्सवर मात्र आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ती सगळ्यात महत्त्वाची. समोरच्या पॅनलवर एक किल्ली होती. खरीखुरी, खिशात ठेवायची किल्ली. तिच्या पाच जागा होत्या. पहिली "ऑफ". मग "लोकल", म्हणजे समोरच्या टर्मिनलवरून आज्ञा चालतील. मग "रिमोट", म्हणजे टेलिफोन लाइनवरून आज्ञा चालतील. आणि या दोन्हींचे "डिसेबल" प्रकार, ज्यात कन्सोलवरून मशीनच्या कामात ढवळाढवळ करता येत नसे.

"रिमोट" कशाला? कारण डीईसीने कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये दूरस्थ तपासणीचं केंद्र उभारलं होतं. तिथला इंजिनिअर मॉडेमवरून फोन लावून गिऱ्हाइकाच्या व्हॅक्सची नाडी बघायचा. म्हणजे घरबसल्या सर्व्हर रीस्टार्ट करणं हे काही क्लाउडवाल्यांनी शोधलेलं नाही. त्याची मुळं १९७०च्या दशकात आहेत.

फक्त फरक बघा. कोलोरॅडोतल्या इंजिनिअरला आत यायचं असेल, तर आधी इकडे कुणीतरी उठून, पॅनलपाशी जाऊन, किल्ली "रिमोट"वर फिरवायची. काम झालं की परत "लोकल"वर. वॉचमन कंपनीने नेमलेला होता, पण गेटची किल्ली मालकाच्या खिशात होती.

हे लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास म्हणजे ती किल्ली कुठे कुठे गेली याचाच इतिहास आहे.

सिलिकॉन ग्राफिक्स: किल्लीवरून केबलवर

आता येऊ वर्कस्टेशनवर. तुमच्यापैकी ज्यांनी 'ज्युरासिक पार्क' पाहिलाय, त्यांनी सिलिकॉन ग्राफिक्सचं काम पाहिलंय. १९९३ मध्ये इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्टुडिओने ते डायनासोर याच कंपनीच्या मशीनवर घडवले. सिनेमातल्या कंट्रोल रूममध्ये ती मुलगी ज्या थ्रीडी फाइल मॅनेजरमधून वाट काढते, तोही याच कंपनीचा खराखुरा प्रोग्रॅम होता.

कंपनी १९८१ची. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जिम क्लार्क यांनी आपल्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन ती काढली. १९९०च्या दशकात सिनेमा, विमानांचं डिझाइन, तेलाच्या साठ्यांचा शोध, वैद्यकीय संशोधन, जिथे जिथे पडद्यावर थ्रीडी लागायचं तिथे तिथे यांची रंगीत खोकी असायची. इंडिगो जांभळं, इंडी निळं, ओटू निळसर, फ्युएल लाल. किमती मात्र मोटारीच्या, कधी बंगल्याच्या.

१९९३च्या चॅलेंज आणि ऑनिक्स या त्यांच्या मोठ्या मशीनवर वॉचमनचं नाव होतं सिस्टिम कंट्रोलर. समोर छोटा एलसीडी पडदा, थोडी बटणं, आणि हो, किल्ली! "ऑफ", "ऑन" आणि "मॅनेजर". "ऑन"वर एलसीडीवर प्रत्येक प्रोसेसर किती काम करतोय त्याच्या उभ्या पट्ट्या नाचायच्या. "मॅनेजर"वर फिरवली की दुरुस्तीचे जादा मेनू उघडायचे. १९९६च्या ओरिजिन २००० मध्येही किल्लीचा स्विच होताच.

मग २००० साली आलं ओरिजिन ३०००, आणि रचनाच बदलली. हे मशीन विटांनी बांधलेलं. खरंच, कंपनी त्यांना "ब्रिक"च म्हणायची. सी-ब्रिकमध्ये प्रोसेसर आणि मेमरी, आर-ब्रिकमध्ये राउटर, बाकीच्या ब्रिकमध्ये डिस्क आणि कार्डं. हव्या तितक्या विटा रचा. एका सी-ब्रिकमध्ये जास्तीत जास्त चार प्रोसेसर, आणि मशीन ५१२ प्रोसेसरपर्यंत वाढवता यायचं. म्हणजे नुसत्या सी-ब्रिकच १२८.

आता १२८ विटांपाशी जाऊन १२८ किल्ल्या कोण फिरवणार? म्हणून वॉचमनची उतरंड आली. प्रत्येक विटेत एक कंट्रोलर, त्याचं नाव एल१. रॅकच्या पातळीवर सगळ्या एल१ वर देखरेख करणारा एल२. तो इथरनेटने नेटवर्कला जोडलेला. आणि त्याच्याही वर एल३, म्हणजे लिनक्स चालवणारा एक वेगळा कॉम्प्युटर. वॉचमन, सुपरवायझर आणि सोसायटीचं ऑफिस म्हणा ना.

पुढच्या काळात हाच एल१ ओरिजिन ३०० आणि ३५० या छोट्या सर्व्हरमध्ये आला. जानेवारी २००२च्या फ्युएल आणि २००३च्या टेझ्रो या टेबलाशेजारी ठेवायच्या वर्कस्टेशनमध्येही आला. एका माणसाच्या मशीनलाही आता स्वतःचा वॉचमन मिळाला. समोरची किल्ली मात्र गेली. तिची जागा घेतली मागच्या केबलने.

आज हे मशीन हाती आलं तर

जगभरात अशा मशीनचे शौकीन आहेत आणि ते ती आजही चालवतात. समजा, तुमच्या हाती एखादं ओरिजिन ३५० लागलं. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, कागदपत्रं नाहीत. काय कराल?

पहिली गोष्ट, घाईने पॉवर बटण दाबायचं नाही. नुसती वायर प्लगात घाला. मोठं मशीन बंदच राहील, पण एल१ लगेच जागा होईल, कारण त्याला स्टँडबायची वीज मिळते. समोर दोन ओळींचा छोटा डिस्प्ले आहे, तो उजळेल.

मग पाठीमागचा नऊ पिनांचा कन्सोल पोर्ट शोधा. त्याला नल मोडेम केबल लागते. साध्या सिरीयल केबलमध्ये बोलायची तार समोरच्याच्या बोलायच्या तारेलाच जाऊन भिडते. नल मोडेममध्ये या तारा उलटसुलट जोडलेल्या असतात, म्हणजे एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लागतं. दुसऱ्या टोकाला यूएसबीवरून सिरीयल करणारा अडॅप्टर, आणि तो तुमच्या लॅपटॉपला. लिनक्सवर मिनिकॉम किंवा स्क्रीन, विंडोजवर पुटी, काहीही चालेल. वेग ३८,४००. आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. इथे बरेच जण सवयीने ९,६०० ठेवतात आणि पडद्यावर कचरा दिसला की मशीन मेलं समजतात. मशीन ठीक असतं, दोघांच्या बोलण्याचा वेग जुळत नसतो, इतकंच.

एंटर दाबा. एल१ चा प्रॉम्प्ट येतो, साधारण "००१सी०१-एल१" असा. त्याचा अर्थ सरळ पत्ता आहे: रॅक क्रमांक १, सी प्रकारची वीट, जागा क्रमांक १. सोसायटीच्या भाषेत विंग आणि फ्लॅट नंबर.

आता वॉचमनशी बोला. "व्हर्जन" म्हटलं की तो आपल्या फर्मवेअरची आवृत्ती सांगतो. "सीरियल ऑल" म्हटलं की भागांचे अनुक्रमांक. "लॉग" म्हटलं की त्याची वही उघडतो. "पॉवर अप" म्हणा, मोठं मशीन उठेल. उठल्यावर "एन्व्ह" म्हणा. सगळे व्होल्टेज, तापमान आणि पंख्यांचे वेग टेबलात येतील, आणि प्रत्येकाच्या शेजारी कुठली मर्यादा ओलांडली तर इशारा आणि कुठली ओलांडली तर बंद, तेही.

त्यानंतर तीच केबल मोठ्या मशीनचा कन्सोल होते. म्हणजे एकाच खिडकीतून दोन कॉम्प्युटरशी बोलायचं. कंट्रोल-डी दाबलं की मोठ्याशी, कंट्रोल-टी दाबलं की परत वॉचमनशी. मोठा पूर्ण गोठला तरी कंट्रोल-टी चालतं, कारण वॉचमनचा प्रोसेसर वेगळा आहे. आयरिक्स, म्हणजे सिलिकॉन ग्राफिक्सची युनिक्स, अडकली तर इथूनच रीसेट करायचं.

मशीन एकापेक्षा जास्त असतील तर एल२ जोडा. एल१ चा यूएसबी पोर्ट असतो, त्यातून एल२ ला केबल जाते, आणि एल२ ची इथरनेट तुमच्या नेटवर्कला. खरा एल२ मिळाला नाही तरी हरकत नाही. त्याचं काम करणारं सॉफ्टवेअर कंपनीने लिनक्ससाठी काढलं होतं, ते एखाद्या जुन्या पीसीवर चालतं. मग सगळ्या विटा एका ठिकाणाहून बंद-चालू करता येतात. फक्त एक करा. हे घरातल्या वायफायवर सरळ उघडं ठेवू नका, त्याला वेगळं नेटवर्क द्या. कारण सांगतोच पुढे.

वॉचमन म्हातारा झाला की

फ्युएल या लाल वर्कस्टेशनची एक दुखरी जागा शौकिनांना चांगली माहीत आहे. मदरबोर्डवर व्होल्टेज आणि तापमान मोजणाऱ्या चिप असतात. वीस वर्षांनी त्या चिप दगा देतात. व्होल्टेज खरं तर ठीक असतं, पण चिप भलताच आकडा सांगते. एल१ तो आकडा खरा मानतो, आणि मर्यादा ओलांडली म्हणून मशीन बंद करून टाकतो. धडधाकट माणसाला थर्मामीटर खराब आहे म्हणून हॉस्पिटलात टाकावं, तसा प्रकार.

यावर खरा उपाय म्हणजे त्या चिप काढून नव्या बसवणं. पण तोवर मशीन वापरायचं असेल, तर एल१ ला सांगता येतं: "एन्व्ह ऑफ". म्हणजे देखरेख बंद. यात धोका आहे. उद्या खरंच पंखा थांबला तर सांगणारं कुणी नसेल. पण तो धोका पत्करायचा की नाही, हे ठरवायचा हक्क मालकाला आहे. वॉचमन चुकतोय हे तुम्हाला दिसतं, कारण "एन्व्ह" म्हटल्यावर तो आकडे लपवत नाही. आणि "आता तू गप्प बस" म्हटल्यावर तो ऐकतो.

या एका आज्ञेने किती फ्युएल भंगारात जायच्या वाचल्या असतील, विचार करा. कारण दाद मागायला कंपनी कुठे आहे? सिलिकॉन ग्राफिक्सने मे २००६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयरिक्सची शेवटची आवृत्ती निघाली, ६.५.३०, आणि वर्षाअखेर या घराण्यातल्या मशीनची विक्री थांबली. एप्रिल २००९ मध्ये दुसरी दिवाळखोरी; रॅकेबल सिस्टिम्सने मालमत्ता विकत घेऊन ते नाव स्वतःला लावलं. डिसेंबर २०१३ मध्ये जुन्या मशीनचा सपोर्ट संपला. २०१६ मध्ये उरलेली कंपनी एचपीईने घेतली. आणि माउंटन व्ह्यूमधलं सिलिकॉन ग्राफिक्सचं आलिशान मुख्यालय? ते आज गूगलप्लेक्स आहे.

कंपनी गेली, इमारत गेली, सपोर्टचा फोन नंबर गेला. एल१ मात्र वायर लावली की आजही उठतो आणि कुठलंही लायसन्स न विचारता, कुठल्याही सर्व्हरला फोन न करता, समोरच्याचं ऐकतो. किल्ली खिशातून केबलवर आली होती, पण केबल लावायला मशीनपाशी जावंच लागत होतं. म्हणजे ज्याच्या घरात मशीन, त्याच्याच हातात किल्ली.

सिलिकॉन ग्राफिक्सने काढलेला माणूस

आता एक मजेदार योगायोग. १९९५ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्समध्ये डॅन फार्मर नावाचा सुरक्षातज्ज्ञ नोकरीला होता. त्याने विट्सा व्हेनेमा या डच सहकाऱ्याबरोबर सॅटन नावाचा प्रोग्रॅम तयार केला. नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरमध्ये कुठे कुठे भोकं आहेत ते हा प्रोग्रॅम शोधून द्यायचा, आणि ते दोघं तो सगळ्यांना फुकट वाटणार होते. मोठा गदारोळ झाला. चोरांच्या हातात टॉर्च देताय, असा आरोप झाला. सॅटन बाहेर यायच्या आधीच फार्मरची नोकरी गेली. खुद्द आयरिक्समध्ये त्या काळात पासवर्ड नसलेली खाती तयारच यायची, हे लक्षात घेतलं की टॉर्च कुणाला नको होता ते कळतं.

इकडे वॉचमनच्या जगात काय चाललं होतं? १९९८ मध्ये इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी या कंपन्यांनी मिळून आयपीएमआय हे मानक काढलं. कल्पना चांगली होती. प्रत्येक कंपनीचा वॉचमन वेगळी भाषा बोलतो, त्यापेक्षा सगळ्यांनी एक भाषा बोलावी. २००१च्या आवृत्तीत ही भाषा नेटवर्कवरून बोलता येऊ लागली, २००४ मध्ये दुसरी आवृत्ती आली, आणि डेटा सेंटरमध्ये बीएमसी सर्रास झाली. आज बऱ्याच सर्व्हरवर ॲस्पीड या तैवानी कंपनीची चिप हे काम करते. तिच्यात पूर्ण लिनक्स चालतं.

२०१३ मध्ये या आयपीएमआयची कुणी चिरफाड केली असेल? त्याच डॅन फार्मरने. त्याने दाखवून दिलेल्या गोष्टी वाचून आजही घाम फुटतो. पहिली: दुसऱ्या आवृत्तीत लॉगिन पूर्ण व्हायच्या आधीच वॉचमन विचारणाऱ्याला पासवर्डचा हॅश देऊन टाकतो. तो हॅश घरी न्या आणि निवांत फोडत बसा. दुसरी: "सायफर झिरो" नावाचा एक पर्याय चालू ठेवलेला असेल, तर फक्त युजरनेम बरोबर लागतं, पासवर्ड काहीही टाका. आणि असे वॉचमन थेट इंटरनेटवर उघडे उभे होते.

वॉचमन फितूर झाला की काय होतं, हे समजून घ्या. ऑपरेटिंग सिस्टिमवर तुम्ही कितीही कुलपं लावा. वॉचमन त्याच्या खालून येतो. तो मशीन बंद करतो, दुसऱ्या डिस्कवरून बूट करतो, पडदा बघतो, कीबोर्ड दाबतो. तुमच्या अँटीव्हायरसला त्याचा मागमूसही लागत नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे सर्व्हर आहे? लॅपटॉप तर आहे ना? २००६च्या सुमारास इंटेलने आपल्या चिपसेटमध्ये मॅनेजमेंट इंजिन घालायला सुरुवात केली. ऑफिसच्या कॉम्प्युटरसाठी त्यावर एएमटी नावाची दूरस्थ व्यवस्थापनाची सोय. मे २०१७ मध्ये एएमटीतली एक चूक उघड झाली. इंजिनिअर मंडळींनी कान द्या. लॉगिनच्या वेळी समोरून आलेलं उत्तर आणि खरं उत्तर यांची तुलना करायची होती. कोडने तुलना किती अक्षरांची केली? समोरून जितकी आली तितक्यांची. समोरच्याने शून्य अक्षरं पाठवली. शून्य अक्षरांची तुलना नेहमीच जुळते. गेट उघडं! आणि त्याच वर्षी हेही लोकांना कळलं की मॅनेजमेंट इंजिनच्या नव्या आवृत्त्यांच्या आत मिनिक्स चालतं, म्हणजे प्रोफेसर टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम. खुद्द टॅनेनबॉमना हे बातम्यांतून कळलं. ज्यांच्या घरात ती चालत होती त्यांना तर कुणी विचारलंही नव्हतं.

मग किल्ली कुठे आहे?

हिशोब मांडू. १९७७ मध्ये किल्ली खिशात होती. १९९३ मध्येही खिशात होती. २००२ मध्ये ती केबल झाली. मग ती पासवर्ड झाली, आणि बऱ्याच मशीनमध्ये तर ती उत्पादकाच्या सहीची झाली, म्हणजे वॉचमनला नवी शिकवण द्यायची तर फर्मवेअरवर कंपनीची डिजिटल सही हवी. या सहीला कारण आहे; चोराने खोटा वॉचमन बसवू नये म्हणून ती असते. पण कंपनीच उद्या सिलिकॉन ग्राफिक्ससारखी गेली, तर सही करणार कोण? तेव्हा वॉचमनचा थर्मामीटर बिघडला, तर "एन्व्ह ऑफ" म्हणायची सोय असेल का? नसेल, तर वीस वर्षांनी कुणाच्या गॅरेजमध्ये आजचं एकही मशीन उठणार नाही. धडधाकट यंत्रं केवळ त्यांचा वॉचमन कुणाचं ऐकत नाही म्हणून भंगारात जातील.

सगळंच निराशाजनक नाहीये. ओपनबीएमसी नावाचा प्रकल्प आहे. फेसबुक, आयबीएम वगैरे मोठ्या गिऱ्हाइकांनाच या बंद पेट्यांचा कंटाळा आला आणि त्यांनी वॉचमनचं सॉफ्टवेअर उघड्यावर लिहायला घेतलं. २०१८ मध्ये हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे आला. त्याचा कोड तुम्ही आज वाचू शकता, बदलही सुचवू शकता. २०१५ मध्ये आयपीएमआयची जागा घेण्यासाठी रेडफिश नावाचं नवं मानक आलं. ते साध्या वेब एपीआयसारखं चालतं, म्हणजे आपल्या पिढीला ओळखीचं.

तुमच्या हातात काय आहे? ऑफिसमध्ये सर्व्हर असतील तर तीन प्रश्न विचारा. बीएमसीचा मूळ पासवर्ड बदललाय का? ती वेगळ्या नेटवर्कवर आहे का? आणि तिचं फर्मवेअर शेवटचं कधी अपडेट केलं? बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या प्रश्नावर शांतता पसरेल. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर बायोसमध्ये एएमटी चालू आहे का ते आयटीवाल्यांना विचारा. स्वतःचा असेल तर स्वतः बघा. आणि कॉलेजच्या लॅबमध्ये, भंगारवाल्याकडे एखादं जुनं वर्कस्टेशन दिसलं, तर फेकू देऊ नका. एक नल मोडेम केबल घ्या, ३८,४०० नाहीतर ९,६०० चा वेग लावा, आणि एंटर दाबून बघा. आतला वॉचमन बहुतेक जागाच असेल.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या ऑफिसमधल्या वॉचमनला शोधून ठेवा, आणि तो कुणाचं ऐकतो ते मला नक्की कळवा.